बेपत्ता तांडेल

नोकरीची शेवटची काही वर्षं मी नाशिक ग्रामीणमध्ये, ओझरच्या बाजूला काढली. खून, दरोडे, द्राक्षाच्या हंगामातल्या फसवणुकी, सगळं हाताखालून गेलं. पण कुणी म्हणालं की साहेब, एखादी केस सांगा, तर मला आधी आठवतो तो एक बेपत्ता म्हातारा. गुन्हा म्हणावा असं त्यात शेवटी काही निघालं नाही. तरी तो माणूस मनातून जात नाही. ते कुटुंब आजही त्याच भागात राहतं, म्हणून नावं लिहीत नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. ठाणे अंमलदाराने चाळिशीच्या आतबाहेरच्या एका माणसाला माझ्यासमोर आणून बसवलं. ओझरला कारखान्यात नोकरी, तिथेच एका सोसायटीत फ्लॅट, घरात नवरा-बायको आणि वडील. मूळ गाव कोकण किनाऱ्यावर. वडील जन्मभर तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख. आई गेल्यावर वडिलांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. गावाकडे डायलिसिसची सोय नव्हती, म्हणून वर्षापूर्वी मुलाने त्यांना इकडे आणलं. आठवड्यातून दोनदा नाशिकच्या एका रुग्णालयात त्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागे.

"कधीपासून बेपत्ता आहेत?"

"परवा सकाळपासून."

"आणि तुम्ही आज येताय?"

त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. "वाटलं, येतील. याआधी रुसून बाहेर जाऊन बसायचे, संध्याकाळी यायचे."

म्हातारं माणूस हरवलं की घरचे लोक पहिल्या काही तासांतच ठाण्यात येतात, हा माझा अनुभव. फोटो हातात असतो, सोबत दोन शेजारी असतात. हा एकटा आला होता. मी ते मनात टिपून ठेवलं.

"पुढचं डायलिसिस कधी?"

"आजच आहे, साहेब. ते चुकणार."

मिसिंगची नोंद केली. फोटो सगळ्या ठाण्यांना, बसस्थानकांना, नाशिकरोड आणि मनमाड स्टेशनला पाठवला. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये माणूस धाडला. म्हाताऱ्याचा मोबाईल घरीच सापडला, त्याचे कॉल तपशील मागवले. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "यंत्राशिवाय फार तर आठवडा-दोन आठवडे. शोधा लवकर."

त्याच दुपारी त्यांच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ ठाण्यात आले. खुर्चीच्या टोकावर बसले आणि दारावरचा शिपाई लांब गेल्यावरच बोलले.

"माझं नाव कुठं येऊ देऊ नका, साहेब. म्हातारा गायब झाला ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी घरात मोठं भांडण झालं. मुलगा ओरडत होता, तुम्हाला मरायचंच आहे ना, मग मरा. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"पुढे?"

"सकाळी मी फिरायला निघालो तर मुलगा स्कूटरवर एक भलं मोठं पोतं बांधत होता. मला बघितलं अन् मान फिरवली. सायखेड्याच्या रस्त्याला, नदीकडं गेला. त्यानंतर म्हातारा कुणालाच दिसला नाही. अन् गावाकडच्या घराला गिऱ्हाईक बघत होता तो, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक हाय."

भांडण, पोतं, नदीकडचा रस्ता, गावचं घर. इतकं मिळाल्यावर कुठलाही तपासी अधिकारी एकाच दिशेला बघेल. मीही तिकडेच बघितलं. मुलाला पुन्हा बोलावलं आणि पोत्याबद्दल विचारलं.

"कसलं पोतं?" तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प राहण्याचा उपयोग आरडाओरड्यापेक्षा जास्त होतो. थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"सुकी मासळी होती, साहेब."

"सुकी मासळी टाकायला ओझरहून सायखेड्याला?"

"कचऱ्यात टाकली असती तर बाबांनी उचलून आणली असती. एकदा आणलीच होती." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. पाणीसुद्धा मापून. आणि हे गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बोंबील, जवळा मागवायचे. पलंगाखाली लपवून ठेवायचे आणि मी ड्यूटीला गेलो की भाजून खायचे. मग पाय सुजायचे, श्वास लागायचा. सासुरवाडी सायखेड्याला आहे, रस्ता पायाखालचा. गेलो आणि पुलावरून टाकून आलो. बोललो ते रागात बोललो."

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. खोटं बोलणारा माणूसही अशीच बारीकसारीक माहिती देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायखेड्याच्या पुलाखाली पट्टीचे पोहणारे उतरवले. दोन पंच घेतले. मुलाला सोबत नेलं, त्याची बायकोही आली. बघ्यांची गर्दी झाली होती. बराच वेळ काही लागेना. मग एक जण वर आला आणि त्याने हात केला. दोरी लावून पोतं ओढलं. पोतं जड होतं. काठावर आलं तेव्हा गर्दी पुढे सरकली. हवालदाराने तोंडाची सुतळी कापली आणि असा दर्प सुटला की पंचांनी नाकाला रुमाल लावले.

आत बोंबील होते, भिजून लगदा झालेले. जवळा होता, सोडे होते. आणि त्याखाली निळ्या नायलॉनचं, हाताने विणलेलं जाळं होतं. पोतं जड कशाने झालं ते कळलं.

मुलगा दगडावर मटकन बसला. "हे जाळं ते इथे आल्यापासून विणत होते. बाल्कनीत बसून. मी तेसुद्धा भरलं त्यात."

मोठा माणूस तोंड झाकून रडतो तेव्हा त्याच्याकडे बघायचं नसतं. मी नदीकडे बघत उभा राहिलो. माझा त्याच्यावरचा संशय तिथेच संपला होता. पण म्हातारा अजून बेपत्ता होता आणि दिवस हातातून निघून चालले होते.

परत येताना आमच्या महिला हवालदार जीपमध्ये माझ्या मागे बसल्या होत्या. शांत स्वभावाच्या, फार न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साहेब, पोतं वर आलं तेव्हा सगळ्यांचा श्वास अडकला होता. सूनबाईंचा नाही. त्यांना माहीत होतं, आत म्हातारबा नाहीत."

ठाण्यात पोहोचलो तर कॉलचा तपशील आला होता. म्हाताऱ्याच्या मोबाईलवरून जवळजवळ रोज एकाच नंबरला फोन गेलेले. तो नंबर त्यांच्या गावच्या आरोग्यसेविकेचा निघाला. मी लावला.

"तांडेलकाका होय?" बाई मोकळेपणाने बोलल्या. "रोज फोन करायचे. इथल्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसचं यंत्र आलंय, ते सुरू झालं का, एवढंच विचारायचे. यंत्र सुरू झालं की घरी येतो म्हणायचे."

"ते तिकडे आलेत का?"

पलीकडे शांतता. मागे कावळे ओरडत होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "इकडे नाही आले."

मी आभार मानून फोन ठेवला. आमच्या धंद्यात हो किंवा नाही यापेक्षा त्याच्या आधीचं थांबणं जास्त बोलतं. आणखी एक गोष्ट होती. माणूस बेपत्ता आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी काका कुठे गेले असं विचारलंही नाही.

नाशिकच्या रुग्णालयातून बाकीचं मिळालं. तिथली नर्स म्हणाली, "मागच्या खेपेला सून घेऊन आली होती. तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, हे थांबवलं तर माणूस किती दिवस राहतो? मला तेव्हाच कसंतरी वाटलं."

हे वाक्य फौजदारी कानांनी ऐकलं तर फार वाईट आहे. मी सुनेला दुपारी केबिनमध्ये बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसल्या. बाई तिशीतली, सायखेड्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. भाजीचे मळे आणि फुलांचे वाफे यात वाढलेली. लग्नाआधी तिने समुद्र पाहिलेला नव्हता. चहा मागवला, तो तिने घेतला नाही.

"डॉक्टरांना काय विचारलं होतंत?"

तिने पदर सारखा केला. नकार दिला नाही.

"बाबांनीच विचारायला लावलं होतं. ते स्वतः विचारत नव्हते, ह्यांच्या कानावर जाईल म्हणून."

"कुठे आहेत ते?"

"घरी."

"कुठल्या घरी?"

"त्यांच्या, साहेब."

मग तिने सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण सरळ. म्हातारा वर्षभर त्या यंत्राची वाट बघत होता. गावच्या रुग्णालयात यंत्र पोहोचल्याची बातमी आली तेव्हा त्याने पेढे आणायला लावले होते. मग कळलं की यंत्र चालवणारा माणूसच नेमलेला नाही. पुढच्या महिन्यात येईल, गणपतीनंतर येईल, दिवाळीनंतर येईल. तो रोज फोन करायचा आणि फोन ठेवला की सुनेला सांगायचा, अजून नाय.

"त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात त्यांनी फोन लावला. तिकडून सांगितलं, आता पुढच्या वर्षावर गेलं. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणाले, पोरी, मना जाव दे आता. मी लय समजावलं. म्हणलं, बाबा, तिकडं यंत्र नाय, तिकडं गेलं तर... ते म्हणाले, ठाव हाय मना. मग ती सुक्या मासळीची भांडणं झाली. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन हे गेले अन् मी बाबांना नाशिकच्या स्टँडवर नेऊन एसटीत बसवलं. कंडक्टरला सांगितलं. तिकडं त्या आरोग्यसेविका बाई उतरवून घ्यायला आल्या."

"नवऱ्याला का नाही सांगितलं?"

"बाबांनी शब्द घेतला. म्हणाले, तो येईल अन् मला चल म्हणेल, अन् मी त्याला नाय म्हणू शकणार नाय. लेकराला नाय म्हणता येत नाय मला."

माझा आवाज चढला. "बाई, अख्खं ठाणं नदी उपसत होतं. तुमच्या नवऱ्यावर खुनाचा संशय होता. त्याला आत घेतलं असतं तर?"

"तर त्याच मिनिटाला सांगितलं असतं." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग वाटायचं, अजून एक दिवस मिळू दे त्यांना. आता माझ्यावर काय करायचं ते करा. पण त्यांना परत आणू नका."

मी मुलाला आत बोलावलं आणि तिच्यासमोरच सांगितलं. तो बायकोकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा हात उगारेल, म्हणून हवालदार बाई पुढे सरकल्या. तो खुर्चीचा हात घट्ट धरून उभा होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "जेवतात का ते?"

"पेज घेतात म्हणे थोडी," ती म्हणाली.

वरिष्ठांची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. मुलगा पुढे बसला, सून मागे हवालदार बाईंजवळ. कसाऱ्याचा घाट उतरला, हवा दमट झाली, नारळ दिसायला लागले, पण त्या दोघांत एक शब्द झाला नाही. एका ठिकाणी चहाला थांबलो तेव्हा त्याने तिचा कप तिच्यापुढे सरकवला. तेवढंच.

गाव खाडीच्या तोंडाशी होतं. घर लहान, कौलारू, समोर बोटी ओढून ठेवलेल्या. ओटीवर बाजेवर उशांना टेकून म्हातारा बसला होता. पाय सुजून गुळगुळीत झालेले, चेहरा पिवळट, श्वास भरभर. शेजारी आरोग्यसेविका रक्तदाब बघत होती. मला गणवेशात बघून तिचा चेहरा उतरला. मी तिला हातानेच राहू द्या म्हणून सांगितलं.

मुलगा अंगणात थांबला. त्याला पुढे येववेना. म्हाताऱ्याने त्याला बघितलं.

"आयलास?" तो म्हणाला. "बस. भरती लागलेय."

मुलगा बाजेशी खाली बसला. "बाबा, गाडी आणलीय. आज रात्रीपर्यंत नाशिकला पोहोचू. उद्या सकाळी डायलिसिस करू. मी मासळीबद्दल काही बोलणार नाही. जाळंसुद्धा नवीन..."

म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताची कातडी दोरखंडासारखी राठ होती. "तुझ्याकडे मना काय कमी नव्हता. सूनबाय लेकीवानी. पन तिकडे सकाल झाली की मी कान लावून बसायचो. आवाजच नाय. मना झोप लागत नव्हती, बाला. इकडे लागतेय."

माझं काम जबाब घेण्याचं होतं. सज्ञान आणि शुद्धीवर असलेला माणूस स्वतःच्या इच्छेने कुठेही राहू शकतो, कायदा त्याच्या आड येत नाही. मी विचारत गेलो, हवालदार बाई लिहीत गेल्या. कुणी जबरदस्ती केली का? नाही. कुणाविरुद्ध तक्रार आहे का? नाही. परत जायचं आहे का? तेव्हा तो माझ्याकडे न बघता मुलाकडे बघू लागला. सून सांगत होती ते खरं होतं. मुलाला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं.

मुलानेच उत्तर दिलं. "लिहा साहेब, नाही."

निघण्याआधी मी आरोग्यसेविकेला ते यंत्र दाखवायला सांगितलं. ग्रामीण रुग्णालय जवळच होतं. तिने एका खोलीचं कुलूप काढलं. आत दोन खाटा, त्यांच्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. भिंतीशी यंत्र उभं होतं, चादरीने झाकलेलं. वर कुणीतरी घातलेला झेंडूचा हार वाळून तपकिरी झाला होता.

"काका आले त्या दिवशी आधी इथेच आले," ती म्हणाली. "मला कुलूप काढायला लावलं. यंत्रावर हात फिरवला आणि म्हणाले, बोट चांगली हाय, तांडेल नाय. मग घरी गेले. साहेब, मी तुमच्याशी खोटं बोलले."

"माहीत आहे," मी म्हणालो.

मुलगा आणि सून तिथेच राहिले. आम्ही परतलो आणि मी मिसिंगची नोंद बंद केली. पुढच्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. वडील पहाटे गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी जिभेवर ठेवायला भाजलेल्या बोंबलाचा तुकडा मागितला होता. तो मुलानेच भाजून दिला.

पुढे नवरा-बायकोचं बरेच महिने बिनसलेलं होतं, असं कानावर आलं. ती काही दिवस माहेरी सायखेड्याला जाऊन राहिली. हवालदार बाई अधूनमधून तिची विचारपूस करायच्या. मी गेलो नाही. पोलिसाने कुठे थांबायचं हेही ठरलेलं असतं. मग एका सकाळी दोघं एकाच स्कूटरवर ठाण्यात आले. गावच्या रुग्णालयात यंत्र अखेर सुरू झालं होतं, जिल्ह्याच्या पानावर लहानशी बातमी होती. ते सांगायला तो आला होता. गावचं घर विकलं नव्हतं, दोघंही सुट्टीत तिथे जायला लागले होते.

"पेपर वाचला आणि मी लगेच बाबांचा नंबर लावला, साहेब," तो म्हणाला. "रिंग वाजायला लागल्यावर लक्षात आलं. मोबाईल आतल्या खोलीत वाजत होता. ही तो चार्ज करून ठेवते अजून."

ती बाजूला उभी होती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं विचाराल तर एक साधी गोष्ट. तोपर्यंत बेपत्ता माणसाच्या घरच्यांना मी ठरलेले प्रश्न विचारायचो. कपडे कुठले होते, भांडण झालं होतं का, कुणाकडे जाऊ शकतात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आणखी एक प्रश्न विचारत राहिलो, त्यांना जायचं कुठे होतं? ऐकायला सोपा आहे. पण फार थोड्या घरांत त्याचं उत्तर मिळालं. बहुतेक वेळा मुलं एकमेकांकडे बघायची. एका वृद्ध गृहस्थांना त्यांच्या बायकोबद्दल हे विचारलं तर ते बराच वेळ विचार करून म्हणाले, तिने कधी सांगितलं नाही, आणि लगेच पुढे म्हणाले, मी विचारलं नाही.

तेव्हाच घरी गेल्यावर मी ही हकीकत बायकोला सांगितली होती. परवा भाजी निवडता निवडता तिने मला विचारलं, "तुम्ही कुठे निघून गेलात, तर मी शोधायचं कुठे?"

मला विचार करावा लागला नाही. नोकरी नवी होती, मुलं लहान होती, तेव्हा आम्ही मनमाडला पोलीस लाइनीत दोन खोल्यांत राहत होतो. मी रात्रपाळी करून यायचो तेव्हा ती पाणी तापत ठेवून दारात बसलेली असायची.

"मनमाडच्या लाइनीत बघ," मी म्हणालो.

"ती लाइन कधीच पाडली," ती म्हणाली.

"तरी तिथेच बघ."